कापूर वर ठेवा, मुलाला खाली सोडा: रांगत्या बाळाचं घर लावताना

लेक सात महिन्यांची झाली आणि सरकायला लागली, तेव्हा मी एका शनिवारी घरातल्या झाडून सगळ्या कोपऱ्यांना फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. टीपॉय, पलंग, शू-रॅक, काही सोडलं नाही. सॉकेटमध्ये प्लास्टिकची बुचं घातली, फरशीवर मॅट अंथरली. आता घर सुरक्षित झालं, असं मला मनापासून वाटलं होतं.

चार महिन्यांनी ती देवघरासमोर बसलेली सापडली. आमचं देवघर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, चौरंगावर, अगदी तिच्या उंचीचं. कापराची स्टीलची डबी उघडी, दोन वड्या फरशीवर आणि एक तिच्या मुठीत, लाळेने ओली झालेली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "घरी थांबू नका, असेच निघा." कापूर लहान मुलांसाठी किती विषारी असतो, हे मला त्या दिवशी दवाखान्यात कळलं. थोडासा पोटात गेला तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. तिने फक्त चाटला होता. काही तास लक्ष ठेवून आम्हाला घरी सोडलं.

टीपॉयचा कोपरा लागला असता तर टेंगूळ आलं असतं. मी टेंगळाचा बंदोबस्त केला होता आणि विष तिच्या हाताशी ठेवलं होतं. हा लेख त्यासाठीच लिहिते आहे. तुमचं बाळ पाच-सहा महिन्यांचं असेल, तर आत्ताच वाचा. रांगायला लागल्यावर वेळ मिळत नाही.

१. खरेदीच्या आधी दोन प्रश्न

घरातली कुठलीही वस्तू बघताना हे दोन प्रश्न विचारा.

पहिला: यातला धोका मुलाला दिसतो का? पायरी दिसते, तिची उंची पायाला कळते. विजेची तार, कापूर, गोळी किंवा बादलीतलं पाणी बघून त्याला काहीच कळत नाही.

दुसरा: चूक झाली तर ती भरून येईल का? खरचटलेला गुडघा भरून येतो. अन्ननलिका भाजली, पाण्यात नाक-तोंड बुडालं, तर येत नाही.

धोका दिसत नाही आणि नुकसान भरून येण्यासारखं नाही, अशा वस्तूला कुलूप. तिथे शिकवणं नाही, समजावणं नाही, "आमचा ऐकतो हो" नाही. धोका दिसतो आणि नुकसान भरून येतं, तिथे मुलाला हात लावू द्या, पडू द्या, पुन्हा उठू द्या. मधल्या गोष्टींसाठी तुम्ही शेजारी बसा.

ही विभागणी केली की कुलपाची यादी बरीच छोटी होते. मग उरलेल्या घरात दिवसभर "नको, नको" म्हणावं लागत नाही. दिवसातून शंभरदा ऐकलेल्या "नको"ला मूल किंमत देत नाही, आणि खऱ्या धोक्याच्या वेळी तर त्याने तो शब्द ऐकायला हवा असतो.

२. गुडघ्यांवर बसून घर फिरा

हे अक्षरशः करा. बाळ झोपलेलं असताना हाता-पायांवर बसा आणि दारापासून गॅलरीपर्यंत जा. उभं राहून जे दिसत नाही ते सगळं दिसतं: पलंगाखाली गेलेली गोळी, फ्रिजमागची लोंबती वायर, कपाटाखालची डांबरगोळी, झुरळांसाठी ओढलेली खडूची रेघ. वही घेऊन खोलीवार लिहा. आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघराला पाऊण तास लागला आणि सत्तावीस नोंदी झाल्या. पैकी कुलपाच्या अकराच होत्या.

३. इथे तडजोड नाही

*पोटात जाणारं विष.* कापूर, डांबरगोळ्या, फिनेल, संडास साफ करायचं ॲसिड, डास पळवायच्या मशीनची बाटली, उंदीर मारायची पेस्ट, रॉकेल, टर्पेंटाइन. हे सगळं खांद्याच्या वरच्या, बंद कपाटात. आपल्याकडची मोठी चूक म्हणजे फिनेल किंवा ॲसिड सुट्टं आणून पाण्याच्या नाहीतर शीतपेयाच्या बाटलीत भरणं. मूल बाटली ओळखतं, आतलं द्रव्य नाही. ही सवय घरातून आजच काढा.

औषधांत दोन गोष्टींकडे खास लक्ष द्या. बाळंतपणात आईला दिलेल्या लोहाच्या गोळ्या लालचुटुक असतात, गोड चॉकलेटच्या गोळीसारख्या दिसतात, आणि लहान मुलासाठी फार घातक असतात. बाळ झाल्यावर उरलेली पाकिटं महिनोन्‌महिने उशाच्या खणात पडून राहतात. दुसरं म्हणजे आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या. यातली एखाद-दुसरी गोळीही मुलाला धोक्यात घालू शकते. औषध देताना "चॉकलेट आहे, खा" असं कधीही म्हणू नका. औषधाला औषधच म्हणा.

*बटणासारखे चपटे सेल.* रिमोट, वजनकाटा, किचन टायमर, गाणारं खेळणं, हल्ली तर लुकलुकणारी राखीसुद्धा. हा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून खोल भाजू शकतं. वापरून संपलेल्या सेललाही हे करण्याइतकी शक्ती उरते. मुलाला सुरुवातीला काही होतही नाही, नुसती लाळ गळते किंवा ते खात नाही. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट बघू नका. एक्स-रे निघेल अशा रुग्णालयात थेट जा. नाकात घातला तरी तितकीच घाई करा. ज्या वस्तूच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही, तिला चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. राखी संध्याकाळी सोडली की उचलून ठेवा.

*पाणी.* आमच्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं, त्यामुळे बाथरूममध्ये दोन बादल्या आणि एक पिंप कायम भरलेलं. तुमच्याकडेही तसंच असेल. रांगत्या-चालत्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते बादलीत वाकलं की तोल जातो आणि उलट वर येता येत नाही. चार-पाच सेंटीमीटर पाणीही पुरतं. आणि बुडताना आवाज होत नाही, मूल ओरडत नाही. म्हणून पिंपाला घट्ट झाकण, बादल्या शक्यतो रिकाम्या आणि पालथ्या, आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून, तुमच्या डोक्याच्या उंचीला एक कडी. आमच्या घरात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू हीच ठरली. आंघोळ घालताना दाराची बेल वाजली, तर बाळाला टॉवेलमध्ये गुंडाळून सोबत घेऊन जा.

*भाजणं.* आपल्याकडे आंघोळीचं पाणी काढताना आधी कढत पाणी ओततात, मग विसण घालतात. मधल्या अर्ध्या मिनिटात बाळाचा हात बादलीत जातो. क्रम उलटा करा: आधी गार पाणी, मग त्यात गरम. गीझरला तापमान ठरवायची सोय असेल, तर ५० अंशांच्या वर नेऊ नका. ६० अंशांचं पाणी पाच सेकंदांच्या आत कातडी खोल भाजतं, मुलांची तर त्याहून लवकर. पाणी तापवायचा रॉड बाळ असलेल्या घरात नकोच. त्यात भाजणं आणि शॉक दोन्ही एका बादलीत आलं.

शेगडीवर कुकर आणि कढई मागच्या बर्नरवर, दांडा भिंतीकडे. काम झालं की रेग्युलेटर बंद. जमिनीवर पंगत बसत असेल तर आमटीचं पातेलं बाळाच्या हाताच्या पलीकडे, शक्यतो ओट्यावरच. आणि मांडीवर बाळ असताना चहा नको. आपण इतक्या सवयीने पितो की ध्यानातच येत नाही, पण कपातला चहा बाळाच्या छातीवर सांडायला एक हिसका पुरतो.

*उंची.* गॅलरीच्या गजांमधलं अंतर १० सेंटीमीटरपेक्षा कमी हवं. आडवे गज असतील तर ती मुलासाठी शिडीच असते. आतून ॲक्रिलिकचा पत्रा लावून घ्या. कबुतरांसाठी बांधलेली नायलॉनची जाळी मूल अडवण्यासाठी नसते, तिच्या भरवशावर राहू नका. मुंबई-ठाण्याकडे खिडकीबाहेर पेटीसारखं ग्रिल असतं, त्यात कुंड्या ठेवतात आणि मुलांना खेळायला बसवतात. तसं बसवू नका. भिंतीतले स्क्रू किती गंजलेत ते आतून दिसत नाही. खिडकीखालचा पलंग आणि गॅलरीतलं स्टूल हलवा, हे तर बिनपैशाचं काम आहे. उंच कपाट आणि टीव्हीचं स्टँड लोखंडी अँगलने भिंतीला ठोकून घ्या. खण उघडून त्यावर पाय देत मुलं चढतात आणि अख्खं कपाट अंगावर येतं.

*वीज.* इलेक्ट्रिशियनला बोलावून एकच विचारा: मेन बोर्डावर ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी आहे का? विजेची गळती झाली की ते निमिषात पुरवठा तोडतं. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, लाईट जायला हवेत. खालच्या सॉकेटना आतून झडप असलेले सॉकेट बसवा. मी घातलेली प्लास्टिकची बुचं लेकीने आठवड्यात उपसली आणि तोंडात घातली.

*घशात अडकणं.* शेंगदाणे, फुटाणे, सुपारी, अख्खी द्राक्षं, टणक गोळ्या चार-पाच वर्षांपर्यंत नकोत. शेंगदाण्याचा कूट चालतो, द्राक्षं उभी चिरून द्या. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच वेचा. खेळण्यांवर आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे ती बंधनकारक आहे, जत्रेतल्या खेळण्यांवर मात्र बहुधा नसते. घरी तपासायला पुठ्ठ्याची साधारण ४ सेंटीमीटर रुंद नळी करून ठेवा. जी वस्तू तिच्यातून आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको.

४. काय आणायचं, काय नाही

आणा:
- बाथरूम आणि गॅलरीच्या दारांना वरच्या कड्या
- ओट्याखालच्या एका कपाटासाठी आतून बसणारं मॅग्नेटचं कुलूप
- कपाटांसाठी अँगल आणि स्क्रू
- झडपेचे सॉकेट, आरसीसीबी नसेल तर तेही
- औषधांसाठी झाकणाला कुलूप असलेला डबा
- जिना असेल तर वर आणि खाली फाटक (वरचं भिंतीला स्क्रूने बसवलेलं, दाबून बसणारं नको)

आणू नका: बाळाला आत बसवून चाकांवर पळवायचा वॉकर. त्यात बाळ क्षणात जिन्यापर्यंत, शेगडीपर्यंत पोचतं. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. चालायलाही त्याने लवकर येत नाही. त्याऐवजी आपला लाकडी पांगुळगाडा चांगला, कारण बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहून तो ढकलतं, थकलं की खाली बसतं.

फोमच्या पट्ट्या, गुडघ्याचे पॅड, डोक्याला बांधायची उशी यांवर खर्च करू नका. काचेच्या टीपॉयची धार असेल तर टीपॉयच माळ्यावर टाका.

५. आता पडू द्या

हा टप्पा मी गाळला होता. कापराच्या प्रसंगानंतर मी इतकी धास्तावले की लेकीला सतत कडेवर घेऊ लागले. पायऱ्या आल्या की उचलायचं, सोफ्यावरून उतरवायचं, बागेत हात धरून घसरगुंडीवर न्यायचं. दोन वर्षांची असताना साताऱ्याकडे गावी गेलो. वाड्याच्या ओसरीला तीन दगडी पायऱ्या. तिच्याच वयाचा तिचा मामेभाऊ पोटावर वळून, पाय खाली सोडत, मागे सरकत उतरला. माझी लेक तोंड पुढे करून निघाली, कारण उतरायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. हनुवटीला चार टाके पडले. पायऱ्या तीनच होत्या, त्या पोराला दहा महिन्यांपासून येत होत्या.

म्हणून हे शिकवाच.

उतरणं: रांगायला लागलं की पलंगावरून उतरताना बाळाला पोटावर वळवा, पाय कडेला आणा आणि "आधी पाय" म्हणा. दिवसातून चार-पाचदा. पंधरा दिवसांत आपण होऊन वळतं. मग एक पायरी, मग तीन.

चढणं: माझ्या मैत्रिणीने दिलेला नियम फार उपयोगी पडला. मूल स्वतः जितकं चढेल तितकं चढू द्या, पण उचलून वर बसवू नका. जिथवर स्वतःच्या बळावर गेलं, तिथून बहुतेक वेळा त्याला उतरताही येतं. तुम्ही खाली हात मोकळे ठेवून उभ्या राहा. "पडशील!" ओरडलं की ते तुमच्याकडे बघतं आणि खरंच पाय सुटतो. त्याऐवजी "आता पाय कुठे ठेवणार?" असं विचारा.

चटका: कोमट वाटीला बोट लावून "ऊन" हा शब्द शिकवा. वाटी आधी आपल्या मनगटाला लावून बघा. धडा शिकवायला खरोखरचं गरम भांडं लावणं हा क्रूरपणा आहे. कितीही वडीलधाऱ्यांनी सुचवलं तरी करू नका.

हत्यारं: अडीच-तीन वर्षांच्या मुलाला बोथट सुरीने केळं कापता येतं, मेथी निवडता येते, छोट्या पोळपाटावर पोळी लाटता येते. चार-साडेचारला उकडलेला बटाटा. विळी मात्र नाही, तिची धार उघडी आणि वर असते. फुलबाजी दिसायला गोजिरी, पण तिचं टोक हजार अंशांच्या आसपास तापतं. आठ-नऊ वर्षांचं होईपर्यंत मोठ्यांच्या हातात, आणि विझलेली तार पाण्याच्या बादलीत.

अशा खेळांवर नॉर्वेच्या एलन सँडसेटर यांनी बरंच संशोधन केलं आहे. उंची, वेग, हत्यारं, पाणी-आग यांच्याशी मूल थोडं भीत, थोडं धाडस करत खेळतं, तेव्हा ते आपली मर्यादा ओळखायला शिकतं, असं त्या मांडतात. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही जानेवारी २०२४ मध्ये अशा मैदानी खेळाची बाजू घेतली, आणि त्यातही जोखीम व घातक धोका वेगळे धरले. वॉकरवर बंदी घालणारा आणि झाडावर चढू द्या म्हणणारा देश एकच आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

डोक्यावर पडलं तर काय बघायचं: बेशुद्धी, वारंवार उलट्या, उठवूनही न उतरणारी गुंगी, झटका, कान-नाकातून रक्त किंवा पाणी. यातलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय. नुसतं टेंगूळ असेल, मूल रडून शांत झालं आणि खेळायला लागलं, तर फडक्यात बर्फ गुंडाळून लावा आणि दिवसभर लक्ष ठेवा.

६. घरातल्या मोठ्यांशी बोलणं

"आमची चार अशीच वाढली" हे वाक्य तुम्हालाही ऐकावं लागेल. वाद घालू नका. मोघम बोलूही नका, नेमकं मागा. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तुमची गोळ्यांची पिशवी खाटेवर न ठेवता वरच्या खुंटीला टांगू या? खुंटी मी आजच ठोकते." त्या म्हणाल्या, "त्यात काय, टांग की." कापराचंही तसंच झालं. देवघर हलवायचं नव्हतं, म्हणून डबी फडताळात गेली आणि आरतीच्या वेळी त्या स्वतः काढून देतात. उलट बाजूने त्यांचंही मी ऐकलं. "पोरीला जरा खाली सोड, अंगणात माती खेळू दे" असं त्या म्हणत होत्या, आणि त्यांचंच बरोबर होतं.

पाहुणे आले की त्यांच्या पर्स आधी उचलून वर ठेवा. सांभाळणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी कड्या आणि कुलूप दाखवा, कारणासकट.

७. फ्रिजवर लावायचा कागद

घाबरलेल्या अवस्थेत काही आठवत नाही. मोठ्या अक्षरांत लिहून लावा:

- रुग्णवाहिका १०८, सर्व आपत्कालीन मदत ११२, गॅस गळती १९०६
- दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र, चोवीस तास: १८०० ११६ ११७
- आपले बालरोगतज्ज्ञ, रात्री उघडं असलेलं जवळचं रुग्णालय, बाळाचं वजन, ॲलर्जी
- भाजलं: वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. हळद, टूथपेस्ट, बर्फ, पीठ काही नाही. चिकटलेला कपडा ओढू नका.
- विष पोटात: उलटी करवू नका. रॉकेल आणि ॲसिड परत वर येताना आणखी इजा करतात. बाटली किंवा पाकीट सोबत न्या.
- घशात अडकलं: खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब. आत दिसत नसेल तर घशात बोट घालू नका.

शेवटची कृती वाचून जमत नाही. रेडक्रॉस किंवा एखाद्या रुग्णालयाच्या प्रथमोपचार वर्गात बाहुलीवर करून या, आजी-आजोबांनाही न्या. मोठ्या मुलांसाठी पोट दाबायची पद्धत वेगळी असते, तीही तिथेच शिका.

८. दर सहा महिन्यांनी वही उघडा

मूल वाढलं की यादी बदलते, दोन्ही बाजूंनी. दीड वर्षांत खुर्ची ढकलत ओट्यापर्यंत पोचतं, म्हणून काही वस्तू आणखी वर जातात. आणि काही कुलपं काढायची असतात, हे बरेच जण विसरतात. नवीन नोंदी लाल पेनाने लिहा, निघालेल्या खोडा.

लेक आता पाच वर्षांची आहे. जिन्याचं फाटक तिसऱ्या वर्षी शेजारच्या बाळाला दिलं. गेल्या महिन्यात ओट्याखालच्या कपाटाचं मॅग्नेटचं कुलूप काढलं, तिथे आता तिचं पोळपाट-लाटणं आणि बोथट सुरी असते. कापराची डबी अजून फडताळातच आहे, वरच्या कप्प्यात.